एका खोलीतल्या दोन इयत्ता

कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की चर्चेची सुरुवात ठरलेली असते. शाळेत बारा मुले, शिक्षक दोन, दोघांचा मिळून पगार इतका, म्हणजे एका मुलामागे सरकारचा खर्च इतका. हा हिशोब मांडणाऱ्यांत दुष्ट हेतूची माणसे फारशी नसतात. त्यांना मनापासून वाटत असते की बारा मुलांची शाळा म्हणजे अर्धीमुर्धी शाळा. तिथल्या मुलांना मोठ्या शाळेत नेऊन बसवले तर त्यांचेच भले होईल. २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तिथली मुले जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, तेव्हा हाच विचार पुढे होता. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभ्या करण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागवले गेले, नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत दाखवले गेले, तेव्हाही हाच. त्या वेळी अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या जवळपास होती.

मला वाटते, या चर्चेचा पायाच चुकला आहे. वाडीवरची, तांड्यावरची, पाड्यावरची लहान शाळा ही तालुक्याच्या मोठ्या शाळेची अपुरी राहिलेली आवृत्ती नाही. तो शाळेचा स्वतंत्र प्रकार आहे. तिथे निरनिराळ्या वयाची मुले एका खोलीत, एका शिक्षकाजवळ, तीन-चार वर्षे सलग शिकतात. या प्रकाराला शिकवण्याची स्वतःची रीत लागते, स्वतःची पुस्तके लागतात, स्वतःचे वेळापत्रक लागते. हे सगळे त्याला कधी मिळाले नाही. मिळाले ते एका वर्गाला एक शिक्षक असलेल्या शाळेचे साहित्य, आणि त्या साहित्यावर ती शाळा तोकडी पडली की दोष पटाचा ठरला.

हे तोकडे पडणे प्रत्यक्षात कसे असते ते पाहू. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. गुरुजींकडे तिसरी-चौथी, बाईंकडे पहिली-दुसरी. परिपाठ संपतो, मुले खोल्यांत जातात. गुरुजी चौथीला अपूर्णांक शिकवायला उभे राहतात, म्हणून तिसरीला सांगतात, “तुम्ही बारापर्यंतचे पाढे लिहा.” वीस मिनिटांनी ते तिसरीकडे वळतात, तेव्हा चौथीला उदाहरणसंग्रह सोडवायला मिळतो. म्हणजे तासिकेचा अर्धा वेळ प्रत्येक मूल शिक्षकाविना असते. कागदावर त्या वेळेला ‘स्वयंअध्ययन’ म्हणतात. प्रत्यक्षात तो पाढे, शुद्धलेखन आणि फळ्यावरचे उतरवून घेण्याचा वेळ असतो, कारण एकट्या मुलाने स्वतः पुढे सरकावे असे त्या पुस्तकात काही नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तके चांगली आहेत. पण पुस्तकाशेजारी शिक्षक उभा आहे आणि तो याच इयत्तेला शिकवतो आहे, असे गृहीत धरून ती लिहिलेली आहेत. पहिलीच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. अक्षरओळख नसलेले सहा वर्षांचे मूल स्वयंअध्ययन कशाचे करणार? त्याला अर्धा तास कोणी जवळ घेऊन बसणारे लागते, आणि नेमके त्याच वेळी दुसरीचे गणित चालू असते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग तर मोठी शाळाच बरी. इथे जरा थांबून शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाकडे पाहायला हवे. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार आणि त्यापुढे पाच, असे त्यात म्हटले आहे. इयत्ता पाच. म्हणजे एकशेवीस मुलांपर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत इयत्तांपेक्षा शिक्षक कमी असणार, हे कायद्यानेच मान्य केले आहे. एका शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळणे ही कमी पटाच्या शाळेवर ओढवलेली आपत्ती नाही. ग्रामीण प्राथमिक शाळेची ती नेहमीची स्थिती आहे. वीस-वीस मुलांच्या तीन शाळा मोडून साठांची एक केली, तरी तिथे पाच इयत्तांना दोनच शिक्षक मंजूर होतील. मुले दोन-तीन किलोमीटर चालून येतील आणि पुन्हा एका खोलीत दोन-तीन इयत्तांतच बसतील. शिक्षक मात्र सहाचे दोन झालेले असतील. शंभर-दीडशे मुलांची समूह शाळा केली तरच चित्र बदलते, आणि डोंगरी तालुक्यात तेवढी मुले गोळा करायची तर किती वाड्या रिकाम्या कराव्या लागतील हे तिथले लोक जाणतात.

द्विशिक्षकी शाळा ही आपण जाणूनबुजून उभी केलेली रचना आहे, हेही विसरले गेले आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. एकशिक्षकी शाळा नाहीशी व्हावी, प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत, त्यांतली शक्यतो एक शिक्षिका असावी, असा तिचा आग्रह होता. आज गावोगावी दिसणाऱ्या दोन खोल्या आणि समोरचा व्हरांडा हे त्या काळाचे रूप. त्यानंतर २०००च्या आगेमागे वस्तीशाळा आल्या. जिथे शाळा नव्हती अशा वस्त्यांवर महिना हजार रुपये मानधनावर तिथल्याच तरुण-तरुणींनी, कधी मंदिरात, कधी कोणाच्या पडवीत मुले गोळा केली. त्या निमशिक्षकांना कायम होण्यासाठी २०१४ उजाडावे लागले. राज्याने दोनदा ठरवून लहान शाळा वाडीवर नेली आणि दोन्ही वेळा इमारत, माणूस, फळा एवढ्यावर काम संपले असे मानले. दोन इयत्ता एकत्र कशा शिकवायच्या, हा प्रश्न गुरुजींनी आपापल्या अकलेने सोडवायचा राहिला.

अनेकांनी तो सोडवला. हे श्रेय त्यांना द्यायला हवे, कारण त्यांच्या वर्गात जे दिसते त्यावरच माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. दोन इयत्तांच्या खोलीत बसलेले तिसरीचे मूल चौथीचा पाठ कानांवर पडत असताना आपले काम करत असते. शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेचा पाठ चालू असेल, तर त्याची पेन्सिल थांबलेली असते. पुढच्या वर्षी तो पाठ त्याच्यापुढे येतो तेव्हा तो अनोळखी नसतो. याच्या उलट, चौथीत गेलेल्या पण वजाबाकीत हातचा घेताना अडखळणाऱ्या मुलीला तिसरीची वजाबाकी पुन्हा ऐकायला मिळते; तिला कोणी मागे बसवलेले नसते, कोणी ‘कच्ची’ म्हटलेले नसते, ती फक्त त्याच खोलीत असते. मोठ्या शाळेत हेच मिळवायला ‘उपचारात्मक वर्ग’ भरवावा लागतो आणि त्यात कोणाला बसवले हे सगळ्या शाळेला कळते. वय मिसळलेल्या खोलीत पुढचे आणि मागचे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही लहानसहान सोय नाही.

दुसरी गोष्ट मुले एकमेकांना शिकवतात त्याची. चौथीची मुलगी पहिलीतल्या भावाला काना-मात्रा शिकवते तेव्हा तिचे स्वतःचे वाचन पक्के होते, हे प्रत्येक जुना शिक्षक सांगेल. ही रीत आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ एग्मोरला अनाथ मुलांच्या शाळेचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत बसवली, आणि १७९७मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळा कितीतरी वर्षे या पद्धतीवर चालल्या. पण या इतिहासाचा अभिमान मिरवताना भान ठेवावे लागते. आपल्या गावच्या पंतोजींच्या शाळेत मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती, आणि छडीचा धाक अभ्यासाइतकाच ठरलेला होता. त्या शाळेकडे परत जा असे मी म्हणत नाही. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकू शकतात याचा अनुभव आपल्याच मातीत होता, इतकेच मला दाखवायचे आहे. इयत्तांच्या भिंती नंतर आल्या, त्या मोठ्या शहरी शाळांच्या आणि परीक्षांच्या सोयीसाठी आल्या, आणि मग त्याच शाळेची व्याख्या होऊन बसल्या.

या अनुभवाला आजच्या काळात नेमके रूप देणाऱ्या जागाही आहेत. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने आसपासच्या वाड्यांवर लहान शाळा चालवताना पाठ्यपुस्तकाचे शेकडो कार्डांत रूपांतर केले. भाषेची आणि गणिताची एकेक शिडी. प्रत्येक पायरीवर काही कार्डे नवे शिकवणारी, काही सरावाची, काही मित्राबरोबर करायची, काही स्वतःला तपासण्याची. मूल आपल्या पायरीवरचे कार्ड घेते, ठरलेल्या गटात बसते. शिक्षक ज्या गटाला गरज आहे त्याच्याजवळ बसतो. तामिळनाडूने हीच कल्पना आधी चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि मग राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. कोलंबियात १९७०च्या दशकात डोंगराळ खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकांच्या शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ ही पद्धत उभी राहिली. मुलांनी स्वतः पुढे जावे अशा अभ्यासपुस्तिका, मुलांचेच मंत्रिमंडळ, गावाचा नकाशा मुलांनी काढलेला. पुढे ती त्या देशाच्या हजारो ग्रामीण शाळांत पोचली. या सगळ्यांनी सुरुवात एकाच ठिकाणाहून केली: शिक्षक सगळ्यांसमोर एकाच वेळी उभा राहू शकणार नाही, तेव्हा त्याच्याशिवायचा अर्धा वेळ वाया न जाता कसा शिकण्याचा होईल? महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादाचे जे काम केले, जमिनीवर आखलेले तक्ते, हाताळायचे साहित्य, गटात बसणारी मुले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्याच काळात गती मिळाली. पण गावोगाव उचलले गेले ते रंगवलेल्या फरश्या आणि भिंती. इयत्तेची चौकट सैल करण्याचा भाग मागे राहिला.

इयत्तेची चौकट सैल करणे म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या तालुक्यांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. बीडमधून, पाथर्डीकडून, जालन्याच्या काही भागांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुले कुठे ठेवायची हा प्रश्न प्रत्येक जोडीपुढे असतो. काही आजी-आजोबांकडे राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात, आणि बाकीची फडावर जातात. फडावरच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. ही मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा त्यांच्या इयत्तेचे पुस्तक शेवटच्या पाठांवर आलेले असते. दुसरीतली मुलगी सोळाव्या पाठावर उठून गेली आणि चाळिसाव्या पाठावर परत आली, तर तिने वाचायचे काय? ती वर्गात बसते, फळ्यावरचे उतरवते, जूनमध्ये तिसरीत जाते. चार वर्षांत असे चार हंगाम गेले की चौथी पास झालेले पण ओळ वाचता न येणारे मूल तयार होते. त्यावर आपण सर्वेक्षणे करतो आणि शिक्षकाला जबाबदार धरतो. शिडी असेल तर ती मुलगी ज्या पायरीवरून गेली त्याच पायरीवर परत उभी राहते. तिचे कार्ड तिची वाट पाहत असते. ती मागे आहे हे तिला माहीत असते, पण कुठपासून सुरुवात करायची हेही माहीत असते. अनियमित हजेरी असलेल्या मुलांसाठी वर्गवार पुस्तकापेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे, आणि हे बारा-पंधरा मुलांच्या शाळेत जितके सहज जमेल तितके चाळीस मुलांच्या वर्गात जमणार नाही.

मुलाच्या जगण्याभोवती शाळा बसवणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुले दिवसभर गुरे वळायला जात, म्हणून त्या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेत घंटा गुरांच्या सोयीने वाजत असे. मुले शाळेत येत नाहीत याचा अर्थ त्यांनी पालक मागासलेले आहेत असा लावला नाही. शाळेची वेळ आणि जागा चुकली आहे, असा लावला. हे काम थोर म्हणून आपण त्यावर भाषणे करतो, पुस्तके काढतो. पण त्यातून धोरणासाठी जो धडा निघतो तो समूह शाळेच्या अगदी विरुद्ध दिशेचा आहे.

आता मला विरोधी बाजूचे जे आक्षेप खरोखर वजनदार वाटतात त्यांकडे वळतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाची मैत्रीण किंवा मित्र शाळेत नसणे हे नुकसान आहे. पूर्ण इयत्तेत एकच मूल असेल तर त्याच्याशी बरोबरी करणारे, भांडणारे, रुसणारे कोणी नसते. कबड्डीचा संघ होत नाही, कोरस होत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकाविषयी. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जरी कामचुकार निघाला तर अर्धी शाळा बुडते, आणि ज्या मुलाला चार वर्षे तोच शिक्षक लाभतो त्याचे चार वर्षांचे नुकसान होते. मोठ्या शाळेत हा धोका विभागला जातो. हे खोटे नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, कारण तो पालकांनी स्वतःच्या पायांनी नोंदवला आहे. पट कमी झाला त्यात मुले कमी जन्मली याचा वाटा आहेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.७ आला. कोकणातल्या वाड्यांतून तरुण कुटुंबे मुंबईला गेली याचाही आहे. पण पुष्कळ गावांत मुले आहेत आणि ती पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जातात. २०००पासून जिल्हा परिषद शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही. आई-बाप शेतीचे कर्ज डोक्यावर असताना गाडीभाडे आणि फी भरतात. त्यांना मूर्ख समजून चालणार नाही. दोन इयत्ता एका खोलीत, गुरुजी अर्धा वेळ मोबाइलवर माहिती भरतात, हे त्यांनी पाहिले आहे, आणि त्यातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या जागी मीही काढला असता.

पण या तिन्ही आक्षेपांवरचा इलाज शाळा बंद करण्यात नाही. तिथल्या कामाची विभागणी बदलण्यात आहे. गुरुजी मोबाइलवर का असतात? यू-डायसची माहिती, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळणी (कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हा हिशोब, आता त्यावर अवलंबून), शिष्यवृत्तीचे अर्ज, उपक्रमांचे फोटो, शिवाय मतदारयाद्यांचे काम. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपायला मनाई केली आहे. पण माहिती भरणे हे शैक्षणिकच काम मानले जाते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा भार मुलांच्या संख्येवर ठरत नाही, शाळांच्या संख्येवर ठरतो. आठशे मुलांच्या शाळेला जितक्या नोंदवह्या, तितक्याच बारा मुलांच्या शाळेला. मोठ्या शाळेत तो वीस शिक्षकांत किंवा एखाद्या कारकुनात वाटला जातो. वाडीवर तो दोघांवर येतो. आणि त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की चारही इयत्ता दुसऱ्याकडे.

तेव्हा एकत्र आणायची असेल तर कारकुनी एकत्र आणावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था तीसेक वर्षांपासून आहे. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. केंद्रावर एक लिपिक द्यावा, तो सगळ्या शाळांची ऑनलाइन माहिती भरेल. दोन राखीव शिक्षक द्यावेत, म्हणजे कोणी रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले तर शाळा एकट्याच्या हाती राहणार नाही. चित्रकला, संगीत, खेळ शिकवणारे शिक्षक आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी फिरतील. आणि आठवड्यातून एक दिवस दहा वाड्यांची मुले केंद्रशाळेच्या मैदानावर जमतील. तिथे कबड्डीचा संघ होईल, समवयस्कांची मैत्री होईल, कोरसही होईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली तेव्हा एकमेकांची साधने वापरण्याचाच विचार त्यात होता. ते धोरण सांगते की २०१६-१७मध्ये देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती आणि एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या. इतक्या मोठ्या प्रमाणात जे आहे त्याला अपवाद म्हणून कसे हाताळता येईल?

राहिला खर्च. लहान शाळेत दर मुलामागे खर्च जास्त येतो, हे मान्यच आहे. डोंगरात रस्ता बांधताना दर माणशी खर्च जास्त येतो, धरणग्रस्तांच्या वस्तीला वीज नेताना जास्त येतो. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात त्यांनी हाच खर्चाचा प्रश्न उलटा करून विचारला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो आणि रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाला पैसा का पुरत नाही? शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, त्यांना बरा पगार मिळावा, शाळेत शेतीचे ज्ञान असावे, अशा ठोस मागण्या त्यांनी केल्या. राजर्षी शाहूंनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा संस्थानाची तिजोरी अपार नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या व्हॉलंटरी शाळा शेकड्यांनी निघाल्या त्या एकेका शिक्षकाच्या जोरावर, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे. या तिघांपैकी कोणीही पट मोजून शाळा ठरवली नाही. आज राज्याची ऐपत त्या काळापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे. आणि २०२४मध्ये कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा कंत्राटी शिक्षकाने भरण्याचा निर्णय आला, त्यावर राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले, तेव्हा दिसले ते हेच की सर्वांत अवघड वर्ग सर्वांत अस्थिर माणसाच्या हाती द्यायला आपण तयार झालो होतो. दोन इयत्ता एकत्र शिकवणे हे एका इयत्तेपेक्षा जास्त कौशल्याचे काम आहे. तिथे अनुभवी, तयार शिक्षक हवा, त्याला त्यासाठी जास्त मोबदला हवा आणि तो तिथे निदान पाच-सहा वर्षे राहावा अशी बदलीची व्यवस्था हवी.

तयार शिक्षक येणार कुठून, हा पुढचा प्रश्न. प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची, म्हणजे डी.एल.एड.ची, दोन वर्षे पाहिली तर पाठ टाचण एका इयत्तेचे, सराव पाठ एका इयत्तेचा, निरीक्षणही त्याचेच. ज्या उमेदवाराची पहिली नेमणूक दुर्गम द्विशिक्षकी शाळेवर होण्याची शक्यता सर्वांत मोठी, त्याने तशी शाळा विद्यार्थी म्हणून पाहिली असेल तर असेल. आंतरवासितेचा निदान एक टप्पा बहुवर्ग शाळेत, तिथल्या चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली झाला पाहिजे. बालभारतीने पहिली ते पाचवीच्या भाषा आणि गणितासाठी बहुवर्ग संच काढावा: तोच अभ्यासक्रम, पण पायऱ्यांत मांडलेला, मुलाने स्वतः आणि मित्राबरोबर करायचा. परिसर अभ्यास तर तिसरी-चौथीला एकत्रच, दोन वर्षांच्या फेऱ्याने शिकवता येतो. यंदा पाणी आणि पिके, पुढच्या वर्षी गावाचा नकाशा आणि इतिहास. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

माझी भूमिका कुठे थांबते तेही सांगायला हवे. दोन किंवा तीन मुलांची शाळा चालवावी असा हट्ट मी धरणार नाही. तेवढ्या मुलांत वयांचे मिश्रण उरत नाही आणि वर जे फायदे सांगितले त्यांतले बरेचसे जातात. अशा वाडीतल्या मुलांना दुसऱ्या शाळेत न्यावे लागेल. पण तो निर्णय संचमान्यतेच्या तक्त्यावरून होऊ नये. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. हे अंतर नकाशावर मोजले की ओढा दिसत नाही, वाहून गेलेला साकव दिसत नाही, उसातून जाणाऱ्या वाटेवरचा बिबट्या दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन आया, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांनी जुलै महिन्यात, शाळेच्या वेळेला, पहिलीतल्या मुलाला बरोबर घेऊन ती वाट चालावी. वाहन द्यायचे ठरले तर त्यात सोबतीला गावचीच एक बाई पगारावर असावी, आणि एस.टी.च्या भरवशावर ते सोडू नये. हे लेखी झाल्याशिवाय जुन्या शाळेला कुलूप लावू नये. आणि वाहन पंधरा दिवस बंद राहिले तर शिक्षकाने वाडीवर जाऊन तिथेच शिकवावे, अशी तरतूद त्याच आदेशात असावी.